सोनलच्या मानेवरून भाविकाच्या मानेवर

९ नोव्हेंबर

डॉक्टर म्हणाले, आक्का, रोज संध्याकाळी दिवसभराचं आठवून कोणाला तरी सांगत जा, म्हणजे डोकं चालतं राहील. झालं होतं एवढंच, की गॅसवर दूध ठेवून मी शेजारच्या हळदीला गेले आणि पातेलं करपलं. सुनेचंही दूध उतू जातं. पण तिला डॉक्टरकडे कोण नेणार?

मला अक्षर येत नाही. म्हणून मी बोलायचं आणि सून दिपाली हिनं लिहायचं असं ठरलं. सुनेच्या हातून लिहायचं म्हणजे सुनेबद्दल चांगलंच बोलावं लागणार, हा ह्या औषधाचा कडू भाग. माझं बोलणं ती धुऊन, इस्त्री करून लिहिते. मी ‘न्हाय’ म्हणते, ती ‘नाही’ लिहिते. लिही बाई, माझी अब्रू वाढते.

तर घर राहनाळला. जिथे मी कंबर मोडेपर्यंत लावणी केली तिथे आता गोदामं आहेत, आणि माझ्या भाताच्या जागी लोकांचे फ्रिज उभे आहेत. जमीन मुलाची, केसरीनाथची. गोदामामागे सिमेंटचा मोठा कोबा मोकळा आहे. तिथे माझी नात भाविका रोज कॉलेजातून आली की बॉल घेऊन नाचते. फुटबॉल म्हणजे गोल मारायचा एवढं मलाही माहीत होतं. हिला गोल नको, समोरची टीम नको, शिट्टी मारणारा नको. नुसता बॉल हवेत ठेवायचा, जमिनीला टेकू द्यायचा नाही. पाय, मांडी, डोकं, मान, काहीही वापरा, फक्त हात लावायचा नाही. ह्याला फ्रीस्टाइल म्हणतात.

मी म्हटलं, “हात न लावता करायचं म्हणजे तुझ्या घरकामासारखंच की गो.”

“आक्का, तू सपोर्ट करतेस की टोमणे मारतेस?” म्हणाली.

दोन्ही करते. म्हातारीला दोन हात असतात.

१३ नोव्हेंबर

आज कोब्यावर खुर्ची टाकून बसले होते. प्रेक्षक म्हणून मी एकटीच, त्यामुळे माझा भाव जास्त.

भाविकाला हे सगळं शिकवलं सोनलनं. धम्मपालची मुलगी. धम्मपाल आमच्याच जागेवरच्या गोदामात सुपरवायझर आहे, विहाराच्या पलीकडे त्यांचं घर. सोनल फोनमध्ये बघून बघून शिकली आणि मग हिला शिकवलं. बॉल हवेत असताना पाय त्याच्याभोवती पूर्ण फिरवून पुन्हा खाली आणतात. ह्याला त्या इंग्रजीत जगप्रदक्षिणा म्हणतात. मला तर वाटतं पाय बॉलला ओवाळतोय. पोरींना घरात ओवाळायला सांगा, तोंड वाकडं करतील. इथे तासभर ओवाळतात.

चौदा डिसेंबरला कल्याणला स्पर्धा आहे, जोडीची. त्यासाठी एक खेळ बसवला आहे. सोनल वाकते, बॉल तिच्या मानेच्या खळग्यात बसतो. भाविका तिच्या शेजारी डोक्याला डोकं लावून वाकते. मग सोनल खांदा जरा उचलते आणि बॉल तिच्या मानेवरून घरंगळत भाविकाच्या मानेवर येऊन थांबतो. थांबायला पाहिजे. आज एकदाही थांबला नाही.

मी म्हटलं, “दोन गाई एका गवतावर आल्यासारख्या दिसता.”

सोनल वाकूनच म्हणाली, “आजी, गाई हसल्या की बॉल पडतो. तुम्ही घरी जा ना.”

“मी गेले तर पडलेला बॉल आणून कोण देणार?”

आणून देते मी. गुडघा दुखतो, पण देते.

शेवटी एकदा जमलं. बॉल इकडून तिकडे गेला आणि गप्प बसला. दोघी तशाच वाकलेल्या, हलायचीही भीती. सोनलनं आमच्या घरचा जुना फोन दगडाला टेकवून ठेवला होता, त्यात सगळं आलं. मला तीन वेळा दाखवलं. मी म्हटलं, ठीक आहे. खरं सांगते, छाती भरून आली होती. पण पोरींच्या तोंडावर कौतुक केलं की पोरी बिघडतात.

१८ नोव्हेंबर

माझे चुलतदीर परवा वारले. मोठा माणूस, गावात मान. भावकीच्या ग्रुपवर काल दिवसभर फुलं, समया, जोडलेले हात चालले होते. त्यात संध्याकाळी मधेच आमच्या भाविकाचा व्हिडिओ येऊन पडला. हाफ पँट, मानेवर बॉल, मागे हिंदी गाणं दणदणतंय. दोघातिघांनी न बघताच त्याच्याखालीही हात जोडले.

केसरीनाथ सुतकाच्या घरी बसला होता. तिथेच कोणीतरी फोन त्याच्यासमोर धरला. म्हणाला, तुझ्या घरात भलताच आनंद दिसतोय.

घरी आला तेव्हा लालबुंद. व्हिडिओ घरच्या जुन्या फोनवरून गेला होता. तो फोन माझा आणि भाविकाचा मिळून असतो.

“पप्पा, मी न्हाय पाठवला. आईशपथ न्हाय.”

“मग कोणी? फोनला पाय फुटले?”

भाविका रडत होती. मग थांबून म्हणाली, “सोनलच्या हातात होता काल. ती बोलत होती, टाकूया कुठेतरी, लोकांना दाखवूया.”

केसरीनाथ म्हणाला, “तिला काय आपल्या घरचं सुतक? बाहेरची पोर.” उठला आणि कोब्याच्या फाटकाला कुलूप घातलं. सोनलनं ह्या घरी यायचं नाही, भाविकानं तिच्याकडे जायचं नाही.

दिपाली म्हणाली, “आक्कांना तरी विचारा.”

“आक्काला काय विचारतेस? तिला एक तरी अक्षर येतं का?”

मी वाल सोलत होते. सोलतच राहिले. कोणी पाठवला, देव जाणे.

२० नोव्हेंबर

परवाचं शेवटचं वाक्य खोटं आहे. खोडू नको. त्याच्याखाली हे लिही.

मी पाठवला.

अक्षर येत नाही म्हणजे फोन येत नाही, असं ह्या घराला वाटतं. पोरी माझ्यासमोर दिवसभर फोन खेळतात, मला काय डोळे नाहीत? व्हिडिओवर बोट दाबून धरायचं, वर बाण येतो, बाण दाबायचा, मग ज्याला द्यायचा त्याचा फोटो दाबायचा. मला नाव वाचायची गरजच नाही. माझी बहीण ठमाबाई दापोड्याला असते. तिच्या फोनवर वज्रेश्वरीच्या देवीचा फोटो. मी तिला मागेही फुलांची चित्रं पाठवलीत.

ठमाबाईची नात कथ्थक शिकते. महिनाभर ती मला तेच ऐकवते. म्हटलं, बघ माझी पण.

देवीचा फोटो दिसला, दाबला. आता मला कळलं की भावकीच्या ग्रुपवरही तीच देवी आहे. तीच साडी, तोच हार. कोणीतरी मेलं म्हणून ग्रुप सारखा वाजत होता, म्हणून तो वर आला होता आणि ठमाबाई खाली गेली होती.

केसरीनाथ ओरडायला लागला त्याच क्षणी मला समजलं. आणि लगेच हेही समजलं की माझ्यावर कोणाची नजरच येत नाहीये. अडाणी असण्याचा एवढा फायदा मला आयुष्यात झाला नव्हता.

इथे दिपालीचं पेन थांबलं. मी म्हटलं, “लिही.”

म्हणाली, “लिहिते. पण घरात सांगणार तुम्ही.”

“तूच सांग ना. तुझा नवरा, तुझी मुलगी.”

“मी सांगितलं तर गाव काय म्हणेल? सुनेनं सासूवर ढकललं. तुमच्या तोंडाला काय झालंय? एरवी तर थांबत नाही.”

माझ्याच वळणावर गेली आहे. वीस वर्षं लागली.

२३ नोव्हेंबर

सकाळी मी आंघोळीला गेले असताना ठमाबाईचा फोन आला होता. केसरीनाथच्या फोनवर. बाहेर आले तर तो नुसता “हां मावशी, हां मावशी” करत होता. काय म्हणाली विचारलं, तर म्हणाला, तुझी तब्येत.

त्यानंतर त्याला माझा फार पुळका आला. म्हणाला, चल, गुडघ्यांसाठी तुला अकलोलीला नेतो. गाडीत पुढच्या सीटवर बसवलं. कुंडात पाय सोडून बसले, गरम पाण्यात गुडघे मऊ झाले. मग वज्रेश्वरीला नेलं. देवीसमोर उभी राहिले. मी म्हटलं, “बाई, चूक माझी, पण तुझाच फोटो सगळ्यांनी का लावावा?” देवी काय बोलणार. तिला रोज एवढे लोक आपली चूक चिकटवून जातात.

येताना गाडीत मी सुरुवात केली. “केसरी, त्या व्हिडिओचं…”

त्यानं गाडीत लावलेला अभंग मोठा केला. “आक्का, मन शांत ठेव. डॉक्टरांनी काय सांगितलंय?”

किती काळजी करतो माझी. घरचा फोनही बिघडला म्हणून त्यानं दुकानात टाकला आहे. चांगला मुलगा आहे, आणि मी त्याला फसवते आहे.

२७ नोव्हेंबर

आज मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. दिपालीनं घट मांडला. महिनाभर मासे बंद. एरवी ह्या दिवसांत मी कोंबडीच्या पिसालाही सुस्कारा सोडते, पण आज जेवणाकडे लक्षच नव्हतं.

सकाळी धम्मपाल ड्युटीवर जाता जाता फाटकाशी थांबला. केसरीनाथ गाडी पुसत होता.

“केसरीदादा, एक बोलायचं होतं. माझी पोर खोटं बोलत न्हाय. तिनं टाकला असता तर टाकला बोलली असती.”

“जाऊ दे ना धम्मपाल. पोरांचं काय मनावर घ्यायचं.”

“पोरांचं असतं तर आलोच नसतो. गोदामात हमालसुद्धा मला विचारतात, तुमच्या पोरीनं काय केलं?”

केसरीनाथ गाडीचा तोच आरसा पुन्हा पुसायला लागला.

मी ओट्यावरून हाक मारली, “धम्मपाल, चहा घे रे.”

“न्हाय आक्का. उशीर होतोय.”

ह्या ओट्यावर त्यानं कधी चहाला नाही म्हटलं नव्हतं. उशीर असला तर बशीत ओतून घ्यायचा.

एक गोष्ट सारखी मनात येते. घरचा फोन, घरची माणसं, आणि नाव कोणाचं घेतलं? घराबाहेरच्या एकुलत्या एका पोरीचं. आणि कोणालाच ते वावगं वाटलं नाही. मी पाठवला नसता, तर मलाही वाटलं नसतं. हे बोलायला जड जातंय. सून मान खाली घालून लिहिते आहे.

२९ नोव्हेंबर

सांगणार होते. केसरीनाथकडे पाहुणे आले.

३० नोव्हेंबर

पाहुणे गेले. सांगितलं नाही.

१ डिसेंबर

कोबा बंद, म्हणून भाविका गच्चीवर एकटीच खेळते. भिंतीवर बॉल मारते, भिंत परत देते. पण भिंतीला मान नसते. म्हणते, स्पर्धेतून नाव काढायचं आहे. जोडीशिवाय जोडीचा खेळ कसा करणार?

मला बघवेना. म्हटलं, “मी उभी राहते सोनलच्या जागी.”

“तू?”

“का? डोक्यावर तीन हंडे घेऊन मी बांधावरून चाललेय. हा तर रिकामा, हवा भरलेला.”

आणि वाकले. तिनं बॉल मानेवर ठेवला, तो सरळ माझ्या अंबाड्यावर चढला आणि तिथून पदरात. दुसऱ्यांदा पाठीवरून गेला. मी म्हटलं, मान ताठ ठेवली की राहील, हंडा तसाच राहतो. भाविका म्हणाली, “आक्का, हंड्याचं विसर. ताठ नाही, मऊ. बॉल येतो तेव्हा त्याच्याबरोबर थोडं खाली जायचं. धरायचा नाही, घ्यायचा.” मला कळलं, पण माझ्या मानेला कळलं नाही. तिला सत्तर वर्षांची ताठ राहायची सवय.

मग एकदा बॉल बसला. खरंच बसला. मला जमीन आणि माझीच बोटं दिसत होती आणि मानेवर एक गोल, गरम ओझं. मी ओरडले, “बसला गो, बसला!” आणि ओरडले म्हणून पडला. बॉल जिन्यावरून थेट खाली दिपालीच्या पापडांत.

भाविका हसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. पोट धरून गच्चीवर बसली, मला पण ओढून बसवलं. आणि हसता हसताच डोळ्यांत पाणी आलं.

म्हणाली, “आक्का, सोनलला मी विचारलं पण नाही, तूच पाठवलास का म्हणून. सरळ बोलणं सोडलं. तिनं असं करायला नको होतं ना? तू असतीस तर कधी नसतं केलंस.”

मी तिच्या केसांतून हात फिरवला. तोंडात जीभ होती, सगळ्यांना माहीत आहे केवढी आहे ती. हलली नाही.

२ डिसेंबर

आज काही सांगण्यासारखं नाही. सांगण्यासारखं होतं ते काल सांगायचं होतं.

५ डिसेंबर

केसरीनाथ जेवून हात धुत होता. मी म्हटलं, “आधी अभंग लावू नको. व्हिडिओ मी पाठवला. ठमाबाईला पाठवायचा होता.”

त्यानं नळ बंद केला. टॉवेल घेतला. सावकाश हात पुसले.

“माहीत हाय.”

“काय माहीत हाय?”

“मावशीचा फोन आला होता ना. बोलली, आक्का व्हिडिओ पाठवते बोलली होती, आलाच नाही. मग मी समजलो.”

मी खालीच बसले. “आणि तू मला कुंडावर नेलंस?”

“मग काय करू? सुतकात माझ्या आईनं घोळ घातला, असं भावकीला सांगत फिरू? तुझं वय काय. लोक विसरतात आक्का, महिनाभरात कोणाच्या लक्षात पण राहणार न्हाय.”

“सोनल विसरंल?”

त्यानं टॉवेल खुंटीला अडकवला.

“आणि धम्मपाल? सकाळसंध्याकाळ त्याचं तोंड बघतोस तू.”

“त्याला मी काय बोललो? एक शब्द वाकडा न्हाय बोललो.”

खरं आहे. एक शब्द नाही बोलला. त्याला मी काय रागावणार? गप्प राहून दुसऱ्याच्या मानेवर ओझं जाऊ द्यायचं, हे तो परगावी शिकायला गेला नव्हता.

सूनबाई, तुझ्या नवऱ्याचं आहे म्हणून गाळू नको. गाळलं नाही म्हणते.

७ डिसेंबर

काल धम्मपालच्या घरचे सगळे दादरला गेले होते, सहा डिसेंबरला जातात तसे. म्हणून आज गेले. भाविकाला म्हटलं, मला सोबत चल. तिला वाटलं मी भांडायला चालले आहे. वाटेत म्हणाली, “आक्का, तिला जास्त बोलू नको हां.” अजून तिची बाजू घेत होती, पोर.

सोनलच दारात होती. भाविकाला बघून आत जायला वळली. मी म्हटलं, “थांब गो. मी तुझ्याकडेच आले.” धम्मपाल बाहेर आला, खुर्ची दिली. मी बसले नाही. बसलं की मला गप्पा सुचतात.

“तो व्हिडिओ मी पाठवला. सोनलनं नाही. आणि त्याच दिवशी मला कळलं होतं, आणि मी बोलले नाही.”

धम्मपाल हळूच म्हणाला, “आक्का, तुमचं मन मोठं हाय. पण नातीला वाचवायला असं नका बोलू.”

“कोणाला वाचवायला?”

“तुम्हाला अक्षर येत न्हाय. आम्हाला काय माहीत नाही का?”

भाविकानंही माझा हात धरला. “आक्का, काय बोलतेस? चल घरी.”

काय वेळ आली बघा. खोटं बोलले तेव्हा काही न बोलताच सगळ्यांना पटलं. खरं बोलायला आले तर साक्षीदार लागतोय. मी म्हटलं, “दे तुझा फोन.” धम्मपालचा फोन घेतला. त्यात कुठलंसं वंदनेचं चित्र होतं. त्यावर बोट दाबून धरलं, बाण आला, बाण दाबला. फोटो आले. त्यांच्याकडे देवी नाही, बुद्ध आहे. निळ्यावर पांढरा, आणि तोही एकसारखा तीन जणांना. मी मधला दाबला. आत कुठेतरी फोन वाजला.

मी म्हटलं, “कोणाला गेला ते मला माहीत नाही. तेव्हाही नव्हतं.”

आतून सोनलची आई म्हणाली, “अगं, माझ्याकडे आला.”

धम्मपालनं फोन माझ्या हातातून घेतला आणि त्याच्याकडेच बघत राहिला. भाविकानं माझा हात सोडला. झटकला नाही, फक्त सोडला. तेच जास्त लागलं.

सोनल म्हणाली, “आजी, चूक तर कोणाकडून पण होते. आमच्या आईनं पण एकदा लग्नाची पत्रिका साहेबाला पाठवली होती. पण तुम्ही ओट्यावर बसायच्या, मी रोज समोरून कॉलेजला जायचे. तुम्ही मला बघून ‘काय गो’ म्हणायचं सोडलं. मला वाटलं, तुम्हाला पण मी चोर वाटते.”

मी “चुकले” म्हणाले. तीन अक्षरं. लिहायला सोपी असतील, दिपाली सांगेल.

सोनल भाविकाला म्हणाली, “आणि तू? विचारायचं तरी ना एकदा.”

भाविका म्हणाली, “हो.” एवढंच. मग दोघी उंबऱ्यावर उभ्याच राहिल्या, एक आत, एक बाहेर. मी एकटीच घरी आले.

९ डिसेंबर

केसरीनाथनं कोब्याचं कुलूप काढलं आणि चावी घेऊन धम्मपालकडे गेला. म्हणाला, ही तुझ्याकडेच ठेव. धम्मपाल म्हणाला, “चावी तुमच्याकडेच असू द्या. पोरींना यायचं असेल तर फाटक उघडं ठेवा, बस.” आल्यावर केसरीनाथ बराच वेळ गाडीत बसून होता. गाडी चालू नव्हती.

त्यानं भावकीच्या ग्रुपवर पण लिहिलं. काय लिहिलं ते मला वाचून दाखवलं नाही. ठमाबाईनं सांगितलं: ‘व्हिडिओ आमच्या घरातून चुकून गेला, त्यात कोणा मुलीचा दोष नाही.’ माझं नाव नाही, त्याचंही नाही. तरी लिहिलं तर खरं.

भाविका माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते, औषध देते, गुडघ्याला तेलही लावते. डॉक्टरांच्या नर्ससारखी. मी म्हटलं, “बॉलला माझ्यापेक्षा जास्त मान आहे ह्या घरात.” एरवी हसली असती.

१४ डिसेंबर

आज कल्याणची स्पर्धा. इतके दिवस जोडी तुटलेली, मग नाव कसं राहिलं म्हणून मी विचारलं. भाविका तर काढायला निघाली होती. राहिलं खरं. मी म्हटलं, देवीची कृपा. सून म्हणते, हो, देवीचीच. लिहिताना हसली का, मला नीट दिसलं नाही.

पोरींबरोबर दिपाली आणि सोनलची आई गेल्या. मला कोणी चल म्हटलं नाही. मी पण नवी साडी काढली नव्हती. काढून गादीखाली ठेवली होती, चुरगळू नये म्हणून.

संध्याकाळी आल्यावर दिपालीकडून कळलं ते असं: पाय ओवाळायचं झकास झालं, टाळ्या पडल्या. मानेवरून मानेवर जायच्या वेळी बॉल पडला. दोघींनी उचलला, पुन्हा वाकल्या. पुन्हा पडला. वेळ संपली. नंबर नाही आला. मग कल्याणला वडापाव खाल्ले आणि येताना रिक्षात हसून हसून रिक्षावाल्यालाही हसवलं.

“का पडला?” मी विचारलं.

“सराव नव्हता ना मधे,” दिपाली म्हणाली. आणि मग, मला वाईट वाटेल म्हणून, “ग्राउंडवर वारा पण होता, आक्का.”

वारा नव्हता. मी दिवसभर ओट्यावर होते. इथे पानही हललं नाही.

१९ डिसेंबर

कोब्यावर पुन्हा रोज बॉल वाजतो. पायावर पडला की टप, मांडीवर पडला की थप. मानेवर बसला की काहीच नाही, आणि मग दोघी ओरडतात. आवाजावरून मला आता सगळं कळतं.

परवा मी खुर्ची उचलून फाटकापर्यंत गेले. बॉल थांबला. सोनल म्हणाली, “या आजी.” नीट म्हणाली, तोंड वाकडं न करता. भाविकानं बूट सोडून पुन्हा बांधायला घेतला. मी म्हटलं, मी देवळात चालले, सहज डोकावले. खुर्ची घेऊन देवळात कोण जातं? पण कोणी विचारलं नाही. मी वळले, दहा पावलं गेले असेन, आणि बॉल पुन्हा सुरू झाला.

काल खुर्ची नेली नाही, तरी तेच झालं.

म्हणून आज मी गोदामाच्या दुसऱ्या बाजूला, ट्रक लागतात तिथे भिंतीला टेकून बसले. हमालांनी पुठ्ठा दिला बसायला. तिथून काही दिसत नाही, फक्त ऐकू येतं. टप, टप, थप. मग शांत. मीही मान खाली घातली आणि श्वास धरला. बराच वेळ शांत होतं, नेहमीपेक्षा बराच जास्त. आणि मग दोघी एकदम किंचाळल्या.

जमलं. मी कोणाला सांगितलं नाही की मला कळलं.